कार्बनची सायकल आणि बाबांचा स्टँड

आमच्या वसाहतीत मला सगळे ‘टेम्पो’ म्हणायचे. मी बंदराच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या कचेरीत होतो, म्हणून हे नाव पडलं, असं मी नवीन माणसाला सांगायचो. ते खोटं होतं. दर वर्षी थंडीत मुंबईहून सायकलची एक शर्यत निघायची, जुन्या हमरस्त्याने पनवेलवरून जायची आणि घाट चढून पुढे जायची. घाटात जे मागे पडत त्यांना मागून येणारा टेम्पो सायकलसकट उचलत असे. मी तीन वर्षं लागोपाठ त्या टेम्पोत बसून लोणावळ्याला गेलो होतो.

त्या टेम्पोची मला अजूनही शिसारी येते. तळाला केळीच्या साली, सांडलेलं ग्लुकोजचं पाणी, त्यात कुणीतरी ओकलेलं, आणि त्यावर सायकली एकमेकींच्या चाकांत पेडल अडकवून पडलेल्या. वर आम्ही सहासात बाप्ये अर्ध्या चड्ड्यांत, एकमेकांच्या घामाला चिकटून, एकमेकांकडे न बघता बसलेले. ड्रायव्हर घाट चढवताना मोठ्याने गाणी लावायचा. वाटेत अजून कुणी पेडल मारताना दिसला की आम्ही सगळे त्याच्याकडे बघायचो, आणि मनात एकच असायचं की हाही आत यावा. इतरांचं माहीत नाही, माझ्या तरी असायचं.

तिसऱ्या वर्षी कचेरीतल्या एकाने मला लोणावळ्याच्या नाक्यावर टेम्पोत बघितलं आणि झालं. नवीन पनवेलच्या त्या सेक्टरमध्ये तेव्हा लोकांना काम कमी आणि गॅलऱ्या जास्त होत्या. आठवड्याभरात दूध आणायला गेलो तरी “काय टेम्पो, आज लवकर?” सुरू झालं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरं सुद्धा म्हणायची. एकदा खुद्द आईच शेजारणीला म्हणाली, “आमचा टेम्पो अजून आला नाही,” आणि मग जीभ चावली. मी जिन्यात उभा होतो. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि मला कुणी आग्रहही केला नाही.

मला शर्यत जिंकायची नव्हती. मला एकदा, एकदाच, स्वतःच्या पायांनी घाटमाथा गाठायचा होता आणि ते नाव अंगावरून उतरवायचं होतं. तिशी तोंडावर आली होती. माझी सायकल लोखंडी, दूधवाल्याच्या सायकलीची सख्खी बहीण. चढावर ती माझ्या अंगावर टाकलेल्या पोत्यासारखी वाटायची. पुढचे लोक ज्या सायकली चालवत त्या त्यांच्या कुणा मामाने परदेशातून आणलेल्या असत. रद्दीच्या दुकानात मला एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं, त्यात कार्बनच्या सायकलींचे फोटो होते. तोवर कार्बन म्हणजे टाइपरायटरमध्ये दोन कागदांच्या मध्ये घालायचा निळा कागद, एवढंच मला ठाऊक. त्या मासिकातला माणूस सायकल एका बोटावर अडकवून हसत होता. त्याचं हसणं मला आवडलं नाही, पण सायकल डोक्यात बसली.

कचेरीच्या कामाला मला वरचेवर न्हावा शेवाला जावं लागायचं. त्या रस्त्यासारखा गलिच्छ रस्ता मी बघितला नाही. ट्रेलरमागून ट्रेलर, डिझेलचा धूर, चिखल वाळला की धूळ आणि धूळ भिजली की चिखल, आणि कडेने खाडीत भराव घालून ठेवलेला. बंदरात जो माल सोडवायला कुणी येत नाही त्याचा लिलाव होतो, आणि लिलावातही जो कुणाला नको असतो तो फिरत फिरत या रस्त्यावरच्या भंगारवाल्यांकडे येऊन पडतो. तिथे, फुटलेल्या कमोडच्या ढिगाखाली, मला ती फ्रेम दिसली. काळी, धुळीने माखलेली. सीट जिथे बसते त्या नळीचं तोंड तुटलेलं होतं आणि खालच्या एका सांध्यातला डिंक सुटला होता. बाकी सगळी धड होती.

भंगारवाला चाचा मोठा व्यवहारी माणूस. त्याच्याकडे पितळ, तांबं, लोखंड, सगळं काट्यावर. त्याने फ्रेम काट्यावर टाकली आणि काटा जवळजवळ हललाच नाही. त्याने ती उचलून झटकली, आत काही भरायचं राहिलंय का बघितलं, आणि तोंड वाकडं केलं.

“साहब, इसमें तो माल ही नहीं है. हवा ले जाओगे?”

भंगाराच्या धंद्यात हलकं म्हणजे फालतू. जगात लोक ज्या हलकेपणासाठी पगारच्या पगार मोजतात, तो मला इथे हलकेपणामुळेच कवडीमोल मिळत होता. मी चेहरा जमेल तेवढा पाडून ठेवला. काटा निदान हलावा म्हणून चाचाने तिच्याबरोबर एक गंजलेला नळ घ्यायला लावला. तो मी पुढच्या पुलावरून खाडीत फेकला.

घरी आणल्यावर मात्र वीट आला. वसाहतीतला प्रत्येक माणूस येऊन फ्रेमला अंगठ्याने दाबून बघायचा. “प्लास्टिकची आहे का हो?” “उन्हात वितळत नाही ना?” समोरच्या बिल्डिंगमधले एक काका वडा खाता खाता आले, त्याच बोटांनी तिला कुरवाळलं आणि म्हणाले, “टेम्पोत चढवायला बरी, हलकी आहे.” सगळे हसले. मी फडक्याने तेलाचे डाग पुसले आणि नंतर तेच फडकं धुतलं नाही, टाकून दिलं.

तुटलेलं तोंड कुणी जोडून देईना. वेल्डिंगवाल्याने फ्रेम हातात घेऊन परत दिली. शेवटी आमच्याकडे मासळी घेऊन यायची ती कोळीण म्हणाली, “माजा भाव करतो की. होरीला फायबर लावतो तो. तुमची सायकल काय होरीपरास मोटी हाय?” तेव्हा उरणकडच्या गावांत लाकडी होड्यांना वरून फायबरचं अस्तर द्यायचं नवीन नवीन चालू झालं होतं. एका रविवारी फ्रेम खांद्याला लावून मी एसटीने गेलो.

मला सगळ्यांनी आधीच बजावलं होतं की सुकटीचा वास सहन होणार नाही. सुकटीचा वास मला काही वाटला नाही. फायबर चिकटवायच्या रेझिनचा वास मात्र नाकातून थेट मेंदूत गेला आणि तिथेच राहिला. ताडपत्रीखाली एक होडी पालथी घातलेली, बाजूला डबे, ब्रश, आणि डोक्याला रुमाल बांधलेला साठीचा माणूस, कोळिणीचा भाऊ. त्याने काही विचारलं नाही. कमरेचं नाणं काढलं आणि फ्रेमवर वरपासून खालपर्यंत वाजवत गेला.

“आयक. हितं टणटण बोलतं. हितं बद्द बोलतं. बद्द बोललं की आत मेलंय.”

तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी त्याने माझ्याकडूनच फ्रेम घासून घेतली. ती काळी धूळ आणि तिथल्या काचेच्या कापडाची कुसळं माझ्या मनगटांत, मानेत, काखेत शिरली. आठवडाभर मी कचेरीत फायली सोडून स्वतःला खाजवत होतो. भात खाल्ला तरी रेझिन खाल्ल्यासारखं वाटे. कार्बनचं काळं कापड त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्याने पांढऱ्या काचेच्या कापडाचे थर देऊन सीटच्या नळीला नवं तोंड केलं. पिकलेल्या बोटाला चिंधी बांधावी तसं ते दिसत होतं. मला ते बघवेना. म्हातारा मात्र खूश होता. होडीची मजुरी तो घ्यायचा तशीच माझ्याकडूनही त्याने वितीने मोजून घेतली.

निघताना त्याने मला थांबवलं. “येक ध्यानात ठेव. यो लोखंड नाय. हितं सीटचा नट लय आवलू नको. लोखंड वाकतं, लाकूड करकरतं. यो काय बोलत नाय. गप बसतो आनि मंग एकदम जातो.”

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा सरकारी बसच्या डेपोत फिटर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या हाताने आवळलेला नट कधी ढिला झाला नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा मान. नट कसा बसला पाहिजे, तर ‘कच्च’. तो शब्द ते उच्चारायचे तेव्हा त्यांचे दातही आवळले जायचे. घरातला नळ बंद करायचा तो कच्च, सुटकेसची दोरी कच्च, स्टोव्हची टाकी कच्च. ती सोडवताना आमचे हात सोलवटून निघायचे. त्यांच्या नखांच्या कडांत इतकी वर्षं ग्रीस मुरलं होतं की ते निवृत्तीनंतरही निघालं नाही. मला लहानपणापासून त्या बोटांचा संकोच वाटायचा. शाळेत ते कधी आले तर मी त्यांना हात खिशात घाला म्हणायचो.

मी गॅलरीत सायकल जुळवायला घेतली आणि बाबा रोज पाट घेऊन समोर बसू लागले. चाकांच्या रिमा मुंबईच्या जुन्या बाजारातून आणल्या, गियर एका मोडक्या परदेशी सायकलीचे, हँडलला पट्टी म्हणून क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप कापून चढवली. साखळी रॉकेलच्या ताटलीत भिजत टाकली, तर दोन दिवस पोळ्यांना रॉकेलचा वास, आणि आईचं तोंड. सीटचा दांडा नळीत ढिला बसत होता, म्हणून आईच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचं झाकण कापून त्याची पट्टी मध्ये घातली. तरी बसलं की तो नळीत खाली सरकायचा. चांगल्या सायकलीत काय असायला हवं ते मला मासिकावरून पाठ होतं, आणि माझ्यापुढे होतं ते हे. प्रत्येक भाग कुणाच्या तरी उष्ट्यातला. पण सगळं बसल्यावर बाबांनी ती एका हाताने उचलली आणि परक्याचं पोर उचलल्यासारखी लगेच जपून खाली ठेवली.

“काहीच नाही हो हिच्यात,” ते म्हणाले. त्यांना ते आवडलं होतं, असं आता वाटतं.

मी त्यांना म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. म्हणजे सुनावलं. हा कार्बन आहे, तुमच्या बसचा चेसिस नाही, इथे कच्च चालत नाही, कुठेही पाना लावू नका.

“मग किती आवळायचा?” त्यांनी विचारलं.

“हलका.”

“हलका म्हणजे किती?”

“आता ते मी कसं सांगू? हलका म्हणजे हलका. तुम्हाला नाही कळणार.”

ते उठून आत गेले. पुढचे काही दिवस मी बघत होतो, ते खुर्चीत बसून एका जुन्या पाइपाच्या तुकड्यावर क्लिप लावून तिचा नट दोन बोटांनी आवळायचे आणि सोडायचे, आवळायचे आणि सोडायचे. मला वाटलं, निवृत्त माणूस, वेळ जात नाही. तेही मला बघवत नव्हतं. तेव्हा मला बरंच काही बघवत नसे.

सायकलीची एक गोष्ट मात्र खरोखर वाईट होती. ती उभी राहत नसे. शर्यतीच्या सायकलीला स्टँड नसतो, कॅरियर नसतो, मडगार्ड नसतं, हे आमच्या वसाहतीला पटणं शक्य नव्हतं. तिथे नवी सायकल दुकानातून निघतानाच स्टँड, कॅरियर, घंटी आणि कुलूप लावून निघते, नाहीतर ती अर्धवटच समजली जाते. मी ती भिंतीला टेकवून ठेवायचो आणि दिवसातून दोनदा ती पडायची. आई केर काढताना पडायची, वारा आला की पडायची, एकदा तर काही न होता पडली. दर वेळी मी ओरडत धावायचो आणि नाणं वाजवून बघायचो. “हिला धड उभंसुद्धा राहता येत नाही,” आई म्हणायची, “आणि ही घाट चढणार.”

शर्यतीला दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी कचेरीतून आलो तर सायकल गॅलरीच्या मधोमध, भिंतीला न टेकता, ऐटीत तिरपी उभी. मागच्या चाकाजवळच्या नळीला नवाकोरा चकचकीत साइड स्टँड. शेजारी बाबा फडकं घेऊन उभे. समोरच्या गॅलरीत ते वडेवाले काका चहा पीत होते.

“आता पडणार नाही,” बाबा म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढे ती नळी आतून चिरडलेली दिसली. पुढे मी जे बोललो ते सगळं लिहिणार नाही, पण थोडं लिहायला हवं. “आयुष्यात आवळण्यापलीकडे तुम्हाला काही आलं का?” असं मी म्हणालो. “हे हात आहेत का पाने?” असं म्हणालो. आणि समोरच्या काकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “माझ्या वस्तूला पुन्हा हात लावू नका. मला किळस येते तुमच्या हातांची.”

बाबा म्हणाले, “हलकाच लावलाय. खाली रबर घातलंय.”

मी ऐकलं नाही. पाना घेऊन खाली बसलो, नट धरला, आणि पाना लावायच्या आधीच तो बोटांनी फिरला. दोन बोटांनी. स्टँडची क्लिप निघाली. खाली जुन्या ट्यूबची रबरी पट्टी होती, मापाची, कडा कात्रीने गोल केलेल्या, की नळीला ओरखडासुद्धा येऊ नये. मी नाणं काढून वाजवलं. वर, खाली, मध्ये. सगळीकडे टणटण. नळी जशीच्या तशी होती.

मला तेव्हाच कळलं होतं. हे मी आज समजून उमजून लिहितो आहे असं नाही, तेव्हाच, तिथे उकिडवं बसल्या बसल्या कळलं. माफी मागायला हवी होती, पण समोर काका चहा पीत होते. मी स्टँड आणि ती पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि माझा संताप कुठेतरी जायलाच हवा होता म्हणून सायकलीचे सगळे नट पुन्हा तपासायला घेतले. सीटचा दांडा सरकतो, तो घाटात सरकला तर संपलं. मी सीटच्या नळीला बाहेरून आवळणाऱ्या क्लिपच्या नटाला पाना लावला आणि फिरवला. बाबा दारात येऊन उभे राहिले होते.

“बास आता,” ते हळूच म्हणाले. “बसलाय तो.”

मी अजून अर्धा आटा दिला, त्यांच्याकडे बघत. आत कुठेतरी ‘कुच’ झालं. डब्याच्या झाकणाची पट्टी बसली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

शर्यतीच्या दिवशी ती सायकल उडाली. दुसरा शब्द नाही. मुंबईपासून पनवेलपर्यंत मला कधी नव्हे ते पाय असल्यासारखं वाटलं. पनवेलच्या नाक्यावर वसाहतीतले लोक उभे होते. त्यांच्यात बाबा होते, हातात पाण्याची बाटली, रस्त्याच्या बाजूला एक पाऊल पुढे येऊन. बाटली घ्यायला नुसता हात पुढे करायचा होता. मी तो केला नाही. पाठीमागे कुणीतरी “टेम्पो, टेम्पो” म्हणून ओरडलं, आणि या वेळी ते कौतुकाने होतं, हे मला कळलं.

खोपोली गेली. घाट लागला. दर वर्षी ज्या वळणावर माझे पाय जात ते वळण आलं आणि मागे पडलं. मी लोकांना ओलांडत होतो. माणसांना मी ओलांडतोय हे मला इतकं नवीन होतं की मी वळून त्यांचे चेहरे बघत होतो. आणि मग, घाटमाथा अगदी थोडा राहिला असताना, माझ्याखाली कापड फाटल्यासारखा आवाज झाला आणि सीट वीतभर खाली गेली. पांढऱ्या चिंधीपासून खालपर्यंत नळी उभी चिरली होती. मी पेडलवर उभा राहून दोन वळणं काढली. सीटचा दांडा आत हलत राहिला आणि तिला आणखी फाडत गेला. शेवटी फ्रेम उघडली. उतरून हात लावला तर कार्बनचे काटे तळव्यात घुसले.

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. सायकल खांद्यावर घेऊन चालत माथा गाठणं नियमात बसत होतं. माझ्या हातात त्या शर्यतीतली सगळ्यात हलकी सायकल होती, पाय ताजे होते आणि वेळही होता. पण मी कठड्यावर बसलो. कारण तोवर माझ्याकडे सबब तयार झाली होती, आणि ती माथ्यापेक्षा सोपी होती. टेम्पो आला. मी स्वतःच सायकल वर दिली आणि चढलो.

“काय झालं हो?” आतल्या एकाने विचारलं. “बरे चालला होता की.”

“वडिलांनी स्टँड लावला,” मी म्हणालो. “कार्बनला. कच्च आवळून.”

टेम्पो हसून लोळला. मग हळहळला. त्या टेम्पोत मला पहिल्यांदा कुणीतरी जागा करून दिली, स्वतःचं संत्रं दिलं. लोणावळा येईपर्यंत मी ती गोष्ट चार वेळा सांगितली आणि दर वेळी सुधारली. बाबांनी भिंतीला पाय लावून नट आवळला, इथपर्यंत तिची प्रगती झाली. केळीच्या साली आणि ओकलेलं पाणी त्या दिवशीही तसंच पायाखाली होतं, पण मला कशाचीच किळस आली नाही. ती आता येते.

गोष्ट माझ्याआधी वसाहतीत पोचली. समोरच्या काकांनी तर स्टँड आणि भांडण दोन्ही डोळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे पुराव्याची वानवा नव्हती. त्या दिवसापासून मला कुणी टेम्पो म्हणालं नाही. ‘बिचारा, घाट चढलाच होता,’ असं म्हणू लागले. नाव गेलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं. बाबांना पोरं ‘स्टँडवाले आजोबा’ म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर बाबांनी सायकल खोलायला घेतली होती, सुटे भाग तरी कामाला येतील म्हणून. सीटच्या नळीची क्लिप त्यांच्या हातात होती. तिचे आटे किती आत गेले होते ते त्यांना बघण्याची गरज नव्हती, त्यांना ते हाताला कळत होतं. चिरलेल्या नळीवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग मागच्या चाकाजवळची नळी बघितली. ती काळी, गुळगुळीत, नव्यासारखी होती. मी दारात उभा होतो. त्यांनी मान वर केली नाही.

“हातपाय धुऊन घे,” ते म्हणाले. “आमटी निवते आहे.”

पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांसमोर बाबांनी स्वतःच ती गोष्ट काढली. मुलगा शर्यतीत होता, चांगला पुढे होता, मीच घोळ घातला, हात जड, डेपोतली सवय. पाहुणे मनापासून हसले. मी पोह्यांची बशी पुढे केली. त्यानंतर वसाहतीत कुणी स्कूटरचा नट बघायला बोलावलं तरी ते जात नसत. दुसऱ्या कुणाला तरी सांगा, म्हणायचे.

बाबा गेले तेव्हा समोरचे ते काका भेटायला आले. बरीच वर्षं झाली होती, तेही थकले होते. बाबांसारखा सरळ माणूस बघितला नाही, असं म्हणाले, आणि मग जरा हसून म्हणाले, “तेवढी एक तुझी सायकल सोडली तर.”

खोलीत बायको होती, मुलं होती, सात-आठ माणसं होती. मी म्हणालो, “जाऊ द्या काका. मी त्यांना केव्हाच माफ केलं.”